रुग्णसेवेतून संगणकाकडे

(वार्षिक संमेलनातील भाषण)



१८५५ साली कल्याणच्या पुढे आगगाडी आली ती आपल्या वाशिंदपर्यंत, आणि चार-पाच वर्षे येथेच थांबली. कसारा गाठायला १८६१ उजाडले. तेव्हापासून हे गाव गाडीच्या वेळापत्रकावर जगते. आज कसारा लोकलमध्ये रात्रपाळी करून परतणाऱ्या परिचारिका, लॅब टेक्निशियन मला हमखास भेटतात. त्यांच्यापैकी काहींनी हळूच विचारले आहे, "सर, हे सोडून वेबसाइटचे, प्रोग्रॅमिंगचे काम शिकू का?" आजचे चार शब्द त्यांच्यासाठी आहेत.

तुम्ही त्यांपैकी असाल, तर आधी घरी बोला. नर्सिंगच्या फीसाठी अम्मीने बांगड्या मोडल्या असतील, तर ही गोष्ट तिला परक्या तोंडून कळू नये.

दुसरे असे की, यात आपण सेवेशी बेइमानी करतो असे मनात आणू नका. रुग्णालय आणि संगणक यांची सोयरीक जुनी आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६० नंतरच्या दशकात 'मम्प्स' नावाची संगणकभाषा जन्माला आली, ती रुग्णांच्या नोंदी ठेवता याव्यात म्हणूनच. आपल्याकडे छत्तीसगडमधील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोगच्या ग्रामीण रुग्णालयात 'बहमनी' ही प्रणाली वापरात आली. ती 'ओपनएमआरएस' या खुल्या प्रणालीवर उभी आहे. तिचा कोड कोणालाही वाचता येतो, सुधारता येतो.

आता खरी गोष्ट. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरून एखादी म्हातारी दवाखान्यात येते. संगणक जन्मतारीख मागतो. तिला ती ठाऊक नाही. तारखेवाचून पान पुढे सरकत नाही, म्हणून खिडकीवरचा माणूस १ जानेवारी टाकून मोकळा होतो. ज्याने तो फॉर्म बनवला त्याने केसपेपरच्या रांगेत कधी उभे राहून पाहिले नव्हते! ओपनएमआरएसमध्ये मात्र 'वय अंदाजे' अशी नोंद करण्याची सोय आहे. तान्ह्या बाळाचे वय महिन्यांत, दिवसांत लिहावे लागते. औषधाच्या मात्रेत मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांची गल्लत झाली तर हजारपटीचा फरक पडतो. रात्री तीन वाजता डोळ्यांवर झोप असताना बारीक अक्षर दिसत नाही. हे तुम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. तुमची वॉर्डातली वर्षे वाया जात नाहीत ती अशी.

राहिले तंत्र. एचटीएमएल हा पानाचा सांगाडा, सीएसएस हा पेहराव, जावास्क्रिप्ट ही हालचाल. तिन्ही फुकट शिकता येतात, पण रोज बसावे लागते, आणि पाळीच्या नोकरीत रोज बसणे किती कठीण ते तुम्ही जाणताच. शिवाय साधे पान आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही लिहून देतात. नुसती पाने बनवणाऱ्याला त्यामुळे मागणी राहील असे मला वाटत नाही. कोणते पान हवे आणि त्यात काय चुकू शकते हे सांगणारा माणूस मात्र लागेलच.

म्हणून नोकरीचा राजीनामा लगेच देऊ नका. नवीन क्षेत्रात तुम्ही पुन्हा पहिलीत असाल, सुरुवातीचा पगारही कदाचित कमी असेल. कौन्सिलकडील नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नका. परतीचा रस्ता आपल्या हाताने बंद करण्यात शहाणपण नाही. वर्षभर पाळ्या सांभाळून शिका, मग ठरवा.

पहिला सराव सांगतो. तुमच्या वॉर्डातला कोरा केसपेपर घ्या, रुग्णाचे नाव लिहिलेला नव्हे. तो जसाच्या तसा पडद्यावर उतरवा. मग एखाद्या ज्येष्ठ सिस्टरला भरायला द्या, आणि शेजारी बसून, काहीही न बोलता, ती कोठे अडखळते ते पाहा.