लेकीचे एकच पत्र



विनोदी कादंबरी वाचून माणूस हसतो, यात नवल नाही. पण हसता हसता आपण कोणाच्या बाजूला जाऊन बसलो, हे जी कादंबरी वाचकाला दाखवून देते तिची गोडी काही निराळीच. अशा एका छोट्या पुस्तकाचा आस्वाद आज आपण मिळून घ्यावा, असा माझा बेत आहे. पुस्तकाचे नाव ‘लेडी सुझन’, लेखिका जेन ऑस्टिन, आणि विषय एक आई व तिची लेक.

ऑस्टिनबाईंचा जन्म १७७५ चा, मृत्यू १८१७ चा. ही गोष्ट त्यांनी १७९४ च्या सुमारास, म्हणजे विशीच्या आतबाहेर असताना लिहिली, असे अभ्यासक मानतात. त्यांच्या हयातीत ती छापली गेली नाही. १८७१ साली त्यांच्या भाच्याने लिहिलेल्या चरित्राच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर ती वाचकांपुढे आली. सारी कादंबरी पत्रांची आहे. पत्रे ४१, आणि शेवटी लेखिकेचा छोटा उपसंहार.

लेडी सुझन विधवा होऊन चारच महिने झाले आहेत. वय पस्तिशीचे, दिसते पंचविशीची, आणि जिभेवर साखर. पहिले पत्र ती दिराला लिहिते. तुम्हा दोघांच्या सहवासाची किती ओढ लागली आहे, लाडक्या लेकीला शाळेत ठेवून येताना काळीज कसे तुटते आहे, वगैरे वगैरे. लगेच दुसरे पत्र लंडनच्या मैत्रिणीला. त्यात खेड्यातले दिराचे घर म्हणजे शिक्षा, लेक म्हणजे जन्माची डोकेदुखी, आणि शाळेची फी अवाच्या सवा, पण ती द्यायची आहे कोणाला!

विनोदाची सारी किल्ली इथे आहे. लेखिका स्वतः एक अक्षर बोलत नाही, नुसती दोन पत्रे शेजारी शेजारी ठेवते. दिराला एक पत्र पोहोचते, मैत्रिणीला दुसरे. दोन्ही पाकिटे फोडणारे आपण तेवढे! त्यामुळे आपण नकळत या बाईच्या कटात सामील होतो. आणि खरे सांगायचे तर त्यात मजा वाटते. घर विकले गेलेले, हाती पैसा नाही, नवरा गेलेला. त्या काळच्या अशा बाईजवळ बुद्धी आणि रूप यांवाचून दुसरे भांडवल ते काय? तेव्हा तिच्या लबाडीला आपण थोडी दादही देतो.

आता लेकीकडे वळू. फ्रेडरिका सोळा वर्षांची. सर जेम्स मार्टिन या श्रीमंत आणि बावळट तरुणाशी तिचे लग्न लावायचे, हा आईचा निश्चय. मुलगी नाही म्हणते. आईला जबरदस्ती करायची नाही हो! शाळेत तिला पुरते नकोसे होऊ द्यायचे, म्हणजे ती आपण होऊन होकार देईल, एवढेच. मुलगी शाळेतून पळून जाऊ पाहते आणि पकडली जाते. मग तिला काकाच्या घरी, चर्चहिलला आणतात. आईने तिला मंदबुद्धी ठरवून टाकलेली असते. काकूच्या नजरेला मात्र पडते ते हे, की ही पोर वेळ मिळाला की पुस्तकात डोके घालून बसते. पियानो आईच्या खोलीत हलवतात आणि मुलगी तिथे तासन् तास रियाज करते म्हणे; पण काकू दारावरून जाते तेव्हा आतून सूर सहसा ऐकू येत नाहीत!

इथवर आपण हसत असतो. आणि मग सर जेम्स न बोलावता चर्चहिलला येऊन दाखल होतात, आणि एकविसावे पत्र येते. ४१ पत्रांतले लेकीचे हे एकच पत्र. या लग्नाविषयी काका-काकूंजवळ चकार शब्द काढायचा नाही, अशी आईची ताकीद असते. म्हणून ती काकूच्या भावाला, रेजिनाल्डला लिहिते. तो ना काका, ना काकू! पण गंमत अशी, की ही आपली पळवाट आहे हे ती स्वतःच त्या पत्रात कबूल करते आणि संकोचते. मला यातून वाचवा, सर जेम्सशी लग्न करण्यापेक्षा मी कष्ट करून पोट भरीन, एवढेच तिचे मागणे.

श्रोतेहो, आईच्या पत्रांत खोटे आहे आणि लाज नाही. लेकीच्या पत्रात खोटे नाही आणि लाज आहे. हे पत्र वाचल्यावर मागची वीस पत्रे पुन्हा चाळावीशी वाटतात. जिला आपण मुकी, मंद म्हणून बाजूला सारले, तिच्याविषयी आपल्याला जे ठाऊक होते त्यातले बहुतेक आईने सांगितलेले होते. आपण हसलो, ते बोलणाऱ्याच्या चातुर्याला. सोसणाऱ्याचा आवाज आपल्या कानी आलाच नव्हता.

बरे, ही मुलगी सुटते ती तरी कशी? सत्याचा जय वगैरे होऊन नव्हे. लंडनमध्ये इन्फ्लुएंझा आहे, पोरीला बाधेल, ही सबब काकू पुढे करते आणि तिला घेऊन येते. आई तीनचार आठवड्यांत स्वतःच सर जेम्सशी लग्न करून मोकळी होते! लिहिणारी काही मंडळी एकमेकांना भेटली, काही दुरावली, पत्रे थांबली आणि टपालखात्याचे उत्पन्न बुडाले, असा शेरा मारून लेखिका हा शेवट सांगायला घेते.

कोणत्याही घरात गोष्ट सांगतो तो बोलका माणूस. ती ऐकून जरूर हसावे. हसण्यासारखी असते म्हणूनच ती पसरते. पण या घरातल्या कोणाचे पत्र अजून आलेले नाही, एवढे हसता हसता मनाशी विचारावे. एका विशीतल्या मुलीने सव्वादोनशे वर्षांपूर्वी एवढी जाण आपल्याला हसवत हसवत दिली. मूळ पुस्तक लहान आहे, एका रविवारात वाचून होईल. ते आपण अवश्य वाचावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.