धूर एकच, फुप्फुसं वेगळी

आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

घाटकोपर असो की बोरिवली, ओपीडीत एक प्रश्न तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल: "डॉक्टर, शेजारचे काका जन्मभर विड्या ओढतायत, ठणठणीत आहेत. मग जिना चढताना मलाच धाप का लागते?" त्याला "नशीब" असं उत्तर देऊ नका. या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग रेणूंमध्ये आहे.

1963 साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन या संशोधकांनी रक्तातल्या प्रथिनांच्या पट्ट्यांचे सुमारे दीड हजार नमुने पाहिले. त्यांतल्या पाचांमध्ये अल्फा-1 हा पट्टा जवळजवळ दिसतच नव्हता आणि त्या पाचांपैकी तिघांना फुप्फुसाचा गंभीर विकार होता. धूर आत गेला की न्यूट्रोफिल पेशी धावून येतात आणि इलास्टेज नावाचं विकर सोडतात. हे विकर फुप्फुसाला लवचीक ठेवणारं इलास्टिन कुरतडतं. त्याला आवर घालतं ते अल्फा-1 अँटिट्रिप्सिन, त्याच हरवलेल्या पट्ट्यातलं प्रथिन. या प्रथिनात 342व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आलं, की ते बरंचसं यकृतातच अडकून पडतं आणि फुप्फुसं उघडी पडतात. जन्मतः ज्यांचं हे प्रथिन चांगलं असतं, त्यांनाही धूर सोडत नाही. त्यातले ऑक्सिडीकारक घटक नेमक्या 358व्या जागच्या मिथिओनिनवर घाव घालतात आणि प्रथिन निकामी करतात. म्हणजे जनुकातला दोष जे काम जन्माआधी करतो, तेच काम सिगारेट रोज करते.

जनुकांचा हात इथेच थांबत नाही. पंधराव्या गुणसूत्रावर, निकोटीन ज्यांना चिकटतं त्या ग्राही-प्रथिनांच्या जनुकांचा एक समूह आहे. त्यातल्या काही फरकांमुळे माणूस जास्त ओढतो आणि त्याला ते सोडणं अवघड जातं. म्हणून तुमच्यासमोर बसलेल्या रुग्णाला "एवढं साधं सुटत नाही का?" असं कधीही विचारू नका.

आता आपल्या मुंबईकडे पाहा. 1970च्या दशकाच्या अखेरीस डॉ. एस. आर. कामत यांनी लालबाग, चेंबूर आणि खार इथली हवा आणि तिथल्या माणसांची छाती एकत्र तपासली. पुढे डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख मुंबईकरांचा मागोवा घेतला. तंबाखू न वापरणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचा धोका 37 टक्के, तर विडी ओढणाऱ्यांत 64 टक्के जास्त निघाला. विडी साधी, म्हणून सौम्य, हा समज तिथेच संपला. भारतात सीओपीडीचे, म्हणजे श्वासमार्ग कायमचा अरुंद करणाऱ्या फुप्फुसविकाराचे, रुग्ण 1990मध्ये 2 कोटी 80 लाख होते, ते 2016मध्ये साडेपाच कोटींवर गेले. यातल्या कित्येकांनी कधी विडी हातातही धरलेली नाही. चुलीचा धूर आणि कामाच्या जागची धूळही फुप्फुसांचं तेच नुकसान करतात.

म्हणून माझी एक विनंती आहे. आजवरचे मोठे जनुकीय अभ्यास बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले आहेत. आपल्या माणसांच्या जनुकांचा अभ्यास तुम्ही करा. पण कुठल्याही जनुकीय चाचणीच्या जोरावर "तुम्हाला धोका नाही, ओढा" असं कुणालाही सांगू नका. तसं सांगायला आधार नाही. प्रत्येक खोकणाऱ्या माणसाला विडीबरोबर चूल आणि कामही विचारा. स्पायरोमीटरमध्ये निदान सहा सेकंद जोरात फुंकून घ्या. पहिल्या सेकंदातला श्वास एकूण श्वासाच्या 70 टक्क्यांहून कमी निघाला आणि पंप दिल्यावरही तसाच राहिला, तर हे वयामुळे आहे असं समजून रुग्णाला परत पाठवू नका.

आपली जनुकं कुणी निवडलेली नसतात. धूर मात्र थांबवता येतो. तो थांबवण्याचं काम आजपासून तुमचं आहे.