कोळशावरील कर आणि घरातील वीज

उमरेडकरांस कोळशाची ओळख करून द्यावी असे नाही; परंतु वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींतून निघणाऱ्या या कोळशावर सरकार जो कर वसूल करते, तो अखेरीस आपल्याच वीजबिलात उतरतो, ही गोष्ट बिलावर कोठेच छापलेली नसल्यामुळे सहसा ध्यानात येत नाही. २०१० च्या जुलैपासून टनामागे ५० रुपये उपकर सुरू झाला व २०१६ मध्ये तो ४०० रुपयांवर गेला; एका युनिटास सुमारे पाऊण किलो कोळसा जळतो असे धरल्यास, युनिटमागे तो तीस पैशांच्या घरात जात असे. प्रारंभी हा महसूल स्वच्छ ऊर्जेच्या निधीकरिता होता. २०१७ पासून तो वस्तू व सेवा करामुळे राज्यांच्या होणाऱ्या नुकसानीच्या भरपाईकडे वळला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर रद्द होऊन वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के झाला. आकारणी वजनाऐवजी किमतीवर आल्याने स्वस्त आणि राखेने जड अशा कोळशाचाच बोजा हलका झाला, म्हणजे धुरास आळा घालण्याचा मूळ हेतू क्षीणच झाला.

तेव्हा कराच्या भरवशावर न राहता गृहस्थाने आपली तजवीज आपण करावी, आणि तीही योग्य क्रमाने. छतावरील सौर संचासाठीच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकी ३०,००० व तिसऱ्यास १८,००० रुपये अनुदान मिळते, त्यापुढे छदामही नाही. शिवाय ही रक्कम संच बसून मीटर लागल्यावर खात्यात जमा होत असल्याने तोवरचा खर्च पदरचाच असतो. म्हणून गरज आधी घटवावी. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रोज बारा तास, वर्षातून दोनशे दिवस चालला, तर एका पंख्यामागे शंभरावर युनिटे वाचतात. स्लॅबवर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात मारावा, आणि कूलरने भागते तेथे एसीचा हव्यास धरू नये. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने वाचलेले युनिट नेहमी सर्वांत महागाचेच असते, हे विसरू नये.

हे केल्यावर वर्षभराची बिले समोर मांडून युनिटांची सरासरी काढावी, ती गरज भागेल तेवढ्याच शक्तीचा संच मागावा, आणि विक्रेत्याने मोठ्या संचाचा आग्रह धरल्यास अनुदानाची मर्यादा त्यास दाखवून द्यावी.