हत्याराची पूजा, पण हाताचं काय?

(बंगळुरूत मराठी भाषक विद्यार्थी आणि नोकरदारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे ‘खंडेनवमीचा अर्थ आणि परंपरा’. कर्नाटकात तिला आयुधपूजा म्हणतात. तुमच्यापैकी बहुतेकांच्या ऑफिसात ती झालेली असणार. संगणकाला झेंडूची माळ, गाडीला केळीचे खुंट, चाकाखाली लिंबू, मग कुंकू भरलेला कोहळा रस्त्यावर फोडायचा आणि सगळ्यांना कडलेपुरी वाटायची. कडलेपुरी म्हणजे आपले चुरमुरे-फुटाणे. मीही ते खाल्लेत. त्यामुळे मी काही लांबून बोलत नाही.

आधी परंपरा पाहू. या सणाचं जे रूप इतिहासात ठळक दिसतं, ते राजांचं आणि फौजांचं आहे. विजयनगरच्या राजांचा महानवमी दिब्बा हंपीला आजही उभा आहे. विजयनगर पडल्यावर वाडियारांनी १६१० मध्ये श्रीरंगपट्टणला दसरा सुरू केला, तोच पुढे मैसूरचा दसरा झाला. आपल्याकडे पाऊस संपला, नद्या उतरल्या, वाटा वाळल्या की मराठ्यांच्या फौजा सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. पांडवांनी अज्ञातवासात शमीच्या झाडावर शस्त्रं ठेवली, ही कथा त्याला जोडलेली आहेच. तलवारीच्या शेजारी नांगर, करवत, शिवणयंत्र, रिक्षा आली आणि आता लॅपटॉप आला. मुलांच्या पाटीवर सरस्वती काढून तीही पूजेत ठेवतात.

शस्त्र आणि पाटी. या दोन वस्तू पिढ्यान्‌पिढ्या कोणाला नाकारल्या गेल्या, हे या सभागृहात सांगायची गरज नाही.

तरीही हल्ली या सणाचा अर्थ ‘श्रमाचा सन्मान’ असा सांगितला जातो. मला हा दावा उडवून लावायचा नाही. वर्षभर रिक्षा चालवणारा माणूस एक दिवस ती धुऊन, सजवून, तिच्याजवळ बायको-मुलांना उभं करून फोटो काढतो, तेव्हा त्याचा आनंद खराच असतो. पण दावा केला आहे, तर तो तपासायला हवा.

नवमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गल्लीत दोन बायका फुटलेले कोहळे खरवडून काढत होत्या. केळीचे खुंट, कुजलेला झेंडू, चिरडलेली लिंबं. इथे सफाई कामगारांना पौरकार्मिक म्हणतात. त्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत, मोठ्या प्रमाणात मादिग समाजातल्या, अनेकींच्या घरी तेलुगू बोलतात. त्यांच्या ढकलगाडीला झेंडूची एक माळ होती. त्यांनीच घातलेली. मी म्हटलं, आज सणाची सुट्टी नाही का? त्यातली एक म्हणाली, तुमचा सण झाला की आमचं काम दुप्पट होतं.

मला माझी आजी आठवली. आम्ही मातंग. उदगीरजवळच्या खेड्यात आजी केरसुण्या बांधायची. शिंदीच्या झावळ्या आणायच्या, वाळवायच्या, चिरायच्या, मूठ आवळून बांधायची. शिंदीचे काटे लागून तिच्या बोटांवर कायम चिरा असत. दिवाळीआधी ती गावात घरोघर केरसुण्या द्यायची. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी लागते, तुम्हाला माहीत आहे. तिला हळद-कुंकू लावतात, लक्ष्मी म्हणतात, पाय लागला तर नमस्कार करतात. आजीला मात्र उंबऱ्याबाहेर थांबवून पदरात वरून दाणे टाकायचे. ती सांगायची, “लक्षिमी आत गेली, म्या भायेरच.”

केरसुणी पवित्र आणि ती बांधणारी अपवित्र, हे एकाच दारात, एकाच दिवशी चालत होतं आणि कुणाला खटकत नव्हतं. समाजशास्त्र शिकताना मला या न खटकण्याचाच प्रश्न पडत आला. माझं उत्तर असं आहे: पूजा हत्याराला हातापासून सोडवते. हत्यार देव झालं की घाम, चिरा, मजुरी आणि जात यांचा हिशेब त्याच्यापासून वेगळा पडतो. देवाला मजुरी कोण विचारणार?

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचं विध्वंसन’मध्ये दाखवून दिलं की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. ज्यांना घाणीच्या कामात कोंडलं, त्यांनाच त्या कामाची थोरवी सांगणं ही क्रूर थट्टा आहे, असंही त्यांनी पुढे १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात मांडलं. माझ्या मते सन्मानाची कसोटी एकच आहे: हातातलं हत्यार खाली ठेवण्याचं स्वातंत्र्य आहे का? लॅपटॉपवाल्याला नोकरी बदलता येते. झाडू मात्र आईच्या हातातून लेकीच्या हातात जातो.

याच कर्नाटकात एका माणसाने हत्याराचा वेगळा विचार केला. मंत्री बी. बसवलिंगप्पा. देवराज अरस यांच्या सरकारात असताना त्यांनी डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी आणली. त्या टोपलीला त्यांनी हार घातला नाही, ती डोक्यावरून उतरवली. पुढे १९७३ मध्ये कन्नड साहित्यातलं बरंचसं ‘बूसा’, म्हणजे भुसा आहे, असं ते म्हणाले, तेव्हा एवढा गदारोळ झाला की त्यांचं मंत्रिपद गेलं.

जुलै २०२२ मध्ये पौरकार्मिकांनीही झाडू खाली ठेवला. मागणी पूजेची नव्हती, नोकरीत कायम करण्याची होती. शहरात कचरा साचला आणि सरकारला बोलावं लागलं. १ मे २०२५ ला बंगळुरूत बारा हजारांहून अधिक जणांना कायम नेमणुकीची पत्रं मिळाली. नवमीच्या हारांनी जे झालं नाही, ते संघटनेने झालं. अर्थात काम कायम झालं म्हणून त्याची जात गेली असं नाही. ती लढाई बाकी आहे.

आपल्यासाठी दसऱ्याला आणखी एक अर्थ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीलाच, अशोक विजयादशमी म्हणून बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. जन्माने लादलेलं ओझं त्या दिवशी माणसांनी स्वतःहून खाली ठेवलं. माझ्या लेखी सीमोल्लंघन ते.

मग पुढच्या नवमीला आपण काय करायचं? ऑफिसात पूजा असेल तर एवढं विचारा: फरशी पुसणाऱ्या ताईंना किमान वेतन मिळतं का, पीएफ भरला जातो का, त्यांनाही सुट्टी आहे का, त्या आपल्याबरोबर बसून जेवतात का? कोहळा फोडलाच, तर तो ज्याने फोडला त्याने उचलावा. या प्रश्नांनी कुणाचा सण बुडणार नाही. आणि बुडालाच, तर तो श्रमाचा सन्मान नव्हता, एवढं तरी कळेल.

जय भीम.