नारळाचा हिशेब
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून तिघांनी विचारलं, "विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकवतोस, ते कळलं. पण मुलांवर संशोधन म्हणजे नेमकं करतोस काय?" एका उदाहरणाने सांगतो.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक होऊन जात आणि हिशेब विचारत. ९८ टक्के उत्तरं बरोबर! पुढे तीच आकडेमोड कागदावर दिली, तेव्हा ३७ टक्केच बरोबर आली. ३५ला एक, तर चार नारळांचे किती? बारा वर्षांच्या मुलाने तिनांचे १०५ धरले, त्यात ३५ मिळवले आणि १४० सांगितले. कागदावर ३५ गुणिले ४ मांडल्यावर त्याचंच उत्तर आलं २००. हातचे दोन त्याने आधीच तिनात मिळवले आणि मग गुणलं.

२०२५ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारातल्या मुलांबद्दल हेच दाखवलं. उलट बाजूही दिसली : वहीत गणितं सोडवणारी शाळकरी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडखळली. म्हणजे बुद्धी दोन्हीकडे आहे. मधला पूल कोणी बांधलेला नाही. तो कसा बांधायचा, हाच आमच्या अभ्यासाचा विषय.

हे वाचताना मला आपला वर्ग आठवतो. बाजाराच्या दिवशी गैरहजर राहणारी मुलं आपल्यातही होती. टोपलीपाशी बसून पावशेर-अर्ध्या किलोचा हिशेब तोंडी करणारी आणि फळ्यापुढे उभं केलं की गप्प होणारी. सातवी-आठवीपर्यंत त्यातली एकेक गळत गेली. गुरुजनांनी जीव तोडून शिकवलं, एकेका वर्गात साठ-साठ मुलं सांभाळली, पण "तू हे मनात कसं केलंस?" असं विचारायला पाठ्यपुस्तकात जागाच नव्हती.

आपल्यातले काहीजण आज शिक्षक आहेत, बरेचजण आजी-आजोबा झालेत. मुलाचं उत्तर चुकलं, तर लाल रेघ मारण्याआधी एवढा प्रश्न जरूर विचारा.

आणि संयोजकांना एक विनंती. आजचं निमंत्रण दहावीच्या पटावरून गेलं. पुढच्या वेळी यादी पाचवीच्या पटावरून करू या.