कवडीची चकाकी

तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आपण पाहिलेली असते. कवड्यांना ही चकाकी येते कुठून?

कवडी म्हणजे एका समुद्री गोगलगाईचं कवच. लहानपणी ते पातळ, इतर शंखांसारखं पिळाचं असतं. मोठेपणी त्याची कड आत वळते, तिला दाते येतात, लांबी वाढायची थांबते आणि कवच जाड होऊ लागतं. खरं नवल पुढेच आहे. या जीवाच्या मऊ अंगाच्या दोन पाळी बाहेर येऊन दोन्ही बाजूंनी कवच झाकून टाकतात आणि त्यावर चुन्याचे गुळगुळीत थर चढवतात. इतर शंखांच्या पाठीवर शेवाळ साचतं, कवडीची पाठ मात्र लखलखीत राहते. किती सुंदर व्यवस्था!

पूर्वी मालदीवचे लोक नारळाच्या झावळ्या समुद्रात सोडत आणि त्यांना चिकटलेल्या कवड्या गोळा करत. जहाजांतून त्या बंगालला जात आणि तिथे चलन म्हणून चालत.

जिवंत कवडी दिवसा दगडाखाली, प्रवाळांच्या फटीत दडते, रात्री चरायला निघते. ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर दगड उलटून पाहिलात, तर तो पुन्हा तसाच ठेवा. खालचे जीव उन्हात तग धरत नाहीत.