रमजानचे रिवाज आणि शेजाऱ्याची ईद

(संस्थेच्या महोत्सवी सभेत झालेले भाषण)



आजच्या सभेत 'रमजानचे रीतिरिवाज' या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांला आज्ञा झाली आहे. समोर रोजे धरणारी मंडळी आहेत, तसेच ज्यांच्या घरी ईदचा शीरखुर्मा दरवर्षी जातो असे शेजारीही आहेत. म्हणून जाणत्यांची क्षमा मागून प्रारंभापासून सांगतो.

आपला पांढुर्णा आणि सौसर हा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला, आणि २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून वेगळा जिल्हा झाला. बोली मात्र मराठीच राहिली. त्यामुळे येथे रोजाचे बोलणेही मराठीतच चालते. शाळेतली मुले आम्हांला विचारतात, "सर, दिवाळी आपल्या ऋतूत येते, मग रमजान दरवर्षी का सरकतो?"

याचे उत्तर चंद्रात आहे. दोन्ही पंचांगे चंद्राची. परंतु हिंदू पंचांगात सुमारे पावणेतीन वर्षांनी अधिक महिना धरून ऋतूंशी मेळ घालतात. इस्लामी गणनेत असा महिना धरत नाहीत. म्हणून रमजान दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतू फिरून येतो. १९९८-९९ चे रोजे आम्ही डिसेंबरच्या थंडीत धरले. उपवास जेमतेम बारा तासांचा. २०१७ साली भारतात २८ मे रोजी पहिला रोजा आला, तेव्हा नवतपा चालू होता आणि उपवास सुमारे पंधरा तासांचा. २०२५ साली महिना मार्चमध्ये आला, म्हणजे मृग बहाराच्या संत्र्यांच्या तोडणीत. २०३० साली तर रमजान जानेवारीत येऊन डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. या फिरण्यात एक न्याय आहे. कोणत्याही देशाच्या किंवा धंद्याच्या वाट्याला कायमचा सोपा अथवा कायमचा कठीण रोजा येत नाही.

याच फिरण्यामुळे २०१० साली पोळा रमजानच्या अखेरच्या दिवसांत आला. जांब नदीवरची गोटमार पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि त्यानंतर ११ सप्टेंबरला ईद व गणेश चतुर्थी एकाच दिवशी. एका चंद्राकडे पाहून दोन्ही घरांत गोडधोड शिजले.

आता दिवसाचा क्रम पाहू. पहाटे उजाडण्यापूर्वी सहरी. पूर्वी पुष्कळ गावांत डफ वाजवीत आणि हाका मारीत लोकांना उठवीत. आता मोबाइलचा गजर होतो. मग सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. आजारी आणि प्रवासी यांना सवलत आहे. राहिलेले रोजे त्यांनी पुढे भरून काढावेत. सूर्य मावळताच खजूर व पाण्याने रोजा सोडतात. मग चणे, भजी, टरबूज, ज्याच्या घरी जे असेल ते. रात्री तरावीहच्या नमाजात हाफिजसाहेब कुराणाचे तीसही पारे महिनाभरात ऐकवितात. शेवटच्या दहा दिवसांत काही जण मशिदीत एतिकाफला बसतात, आणि त्याच दिवसांतील विषम रात्रींत शबेकद्र शोधतात. २०२० साली टाळेबंदीत मशिदी बंद होत्या, तेव्हा तरावीह घराघरांत झाली. त्या वर्षी समजले की, इमारतीवाचून इबादत चालते, पण शेजाऱ्यावाचून इफ्तार सुनी लागते.

येथपर्यंत झाली उपवासाची बाजू. दुसरी बाजू देण्याची आहे, आणि आपल्या संस्थेचा खरा संबंध तिच्याशी आहे. ज्याच्याजवळ ठरलेल्या मर्यादेइतकी शिल्लक चांद्र वर्षभर राहिली, त्याने तिचा चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच, जकात म्हणून काढावयाचा. जकातीचे हक्कदार कोण, याचे आठ वर्ग कुराणाने सांगितले आहेत. फितरा याहून निराळा. तो घरातील माणसांमागे; हनफी रीतीने माणशी अर्धा साअ गहू, म्हणजे हिशेबाच्या फरकाने सुमारे १.६ ते २ किलो, किंवा त्याची किंमत. आणि तो ईदच्या नमाजाला निघण्यापूर्वी पोहोचावा, कारण ज्याच्यासाठी तो आहे त्याच्याही घरी त्या सकाळी चूल पेटली पाहिजे.

येथे एक अनुभव सांगतो. एका ईदनंतर वर्गातील एक मुलगा जुनाच सदरा घालून आला. त्याला नवा मिळाला आहे, हे आम्हांला ठाऊक होते. बाजूला घेऊन विचारले, तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "सर, त्या सदऱ्याचा फोटो निघाला आहे." कपडे देणाऱ्यांची नियत चांगली होती. तरीही ते कापड त्या मुलाच्या अंगाला लागले नाही. आम्ही स्वतः त्या वाटपाला उभे होतो आणि त्या फोटोतही आहोत, हे कबूल केले पाहिजे.

कुराणाने उघड दानही चांगले मानले आहे, पण गरिबाला गुपचूप दिलेले अधिक चांगले ठरविले आहे. आणि देऊन बोलून दाखविणे किंवा मन दुखविणे याने दान व्यर्थ जाते, असा इशारा दिला आहे. या आधाराने विश्वस्त मंडळापुढे तीन विनंत्या ठेवतो. जकात व फितऱ्याचा हिशेब बांधकामाच्या निधीत मिसळू नये. यादी रमजानच्या पहिल्याच आठवड्यात तयार व्हावी, म्हणजे चांदरातीची धावपळ टळेल. आणि घेणाऱ्याला रांगेत उभे न करता पाकीट अंधार पडल्यावर त्याच्या दारी जावे. पावती वहीत राहावी, चेहरा फोटोत येऊ नये.

महिनाभर उपाशी राहून भूक काय असते ते आपल्याला कळते. ते कळल्यावर शेजाऱ्याच्या दारापर्यंत जाण्याचे काम उरते. येत्या ईदला तो मुलगा नवा सदरा घालून वर्गात आला, तर महोत्सव सफल झाला असे आम्ही समजू.